मदत हवी आहे: वॉरंटीतली गाडी पार्किंगमध्ये जळाली, कर्ज कसं मिटवायचं?

नमस्कार मंडळी,

चिंचवडला आमच्या सोसायटीत उभ्या असलेल्या आमच्या पेट्रोल गाडीने मागच्या महिन्यात पहाटे पेट घेतला. गाडी बंद होती, आदल्या संध्याकाळपासून कोणी हातही लावला नव्हता. अग्निशमन दल येईपर्यंत बॉनेटखालचं सगळं आणि डॅशबोर्ड खलास. शेजारच्या काकांची स्कूटरही गेली. माणसांना काही झालं नाही, हे नशीब.

गाडी सव्वा वर्षाची. घेतल्यापासून डॅशबोर्डमागून जळका वास यायचा, मधूनच फ्यूज उडायचा. दर वेळी सर्व्हिस सेंटरने "वायरिंग तपासलं, ओके" लिहून परत दिली. जॉबकार्डं सगळी जपून ठेवली आहेत. बाहेरून हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टीम काहीही बसवलेलं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण डीलरचा पहिला प्रश्न तोच होता.

आता पैशांचं. एक्स-शोरूम ११ लाख २० हजार होती. कर्ज साडेअकरा लाखांचं, सात वर्षांचं, व्याजदर फिक्स्ड. आज मुद्दल ९ लाख ९५ हजार बाकी आहे. विम्याची आयडीव्ही (गाडी पूर्ण गेली तर विमा कंपनी जास्तीत जास्त देते ती रक्कम) ८ लाख ९६ हजार. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने टोटल लॉस (गाडी दुरुस्तीपलीकडे गेली) धरलाय. मुदतीआधी कर्ज बंद केलं तर बँक ४ टक्के आणि त्यावर जीएसटी मागतेय, म्हणजे आणखी ४७ हजार. विम्याचा सगळा पैसा बँकेत गेला तरी जवळजवळ दीड लाख आम्हीच भरायचे, तेही नसलेल्या गाडीसाठी! रिटर्न टू इन्व्हॉइस (बिलाची पूर्ण किंमत देणारं) कव्हर पॉलिसीत नाही, पाहिलं.

बँकेचा वसुलीवाला फोनवर म्हणतो, "मॅडम, सेटलमेंट करून टाका, थोडं कमी करून देतो." विमा कंपनीने सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा पाठवलाय आणि सांगाडा उचलायची घाई चालवलीय. गाडीची कंपनी मेलला उत्तरच देत नाही. नवऱ्याचं म्हणणं, हप्ता थांबवू. सासरे म्हणतात, मिळेल ते घे आणि मोकळी हो. मला दोन्ही पटत नाही. दोष कंपनीचा असताना कर्जाचा फरक आम्ही का सोसायचा? आधी काय करू?

मुळशीकर:
हप्ता बंद करा सरळ. गाडीच नाही तर हप्ता कसला? बँक आपोआप ताळ्यावर येते.

खातेवही:
मुळशीकर, कृपा करून असे सल्ले देऊ नका. बँकेत कर्जखात्यातच सगळी नोकरी झाली माझी, म्हणून सांगतो. ताई, कर्ज तुम्ही बँकेकडून घेतलंय, गाडी फक्त तारण होती. तारण जळालं म्हणून देणं जळत नाही. आणि ऑटो-डेबिटचा हप्ता खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखाच गुन्हा होऊ शकतो. तुमची बाजू खरी असताना थकबाकीदार कशाला व्हायचं?

वसुलीवाल्याच्या "सेटलमेंट"ला तर अजिबात हो म्हणू नका. थोडी रक्कम माफ होते, पण सिबिलमध्ये खातं 'क्लोज्ड' न दिसता 'सेटल्ड' दिसतं आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलात की ते आडवं येतं. तुम्हाला फोरक्लोजर (सगळं देणं फेडून मुदतीआधी कर्ज बंद करणं) हवंय, सेटलमेंट नाही. शाखेत लेखी अर्ज द्या: टोटल लॉसमुळे कर्ज बंद होतंय, आम्ही स्वखुशीने बंद करत नाही, तेव्हा ४ टक्के माफ करावेत. देतीलच असं नाही, पण नकार आला तर तोही लेखी घ्या, पुढे उपयोगी पडतो. (दर फ्लोटिंग असता तर वैयक्तिक कर्जदाराकडून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हे शुल्क घेताच आलं नसतं. तुमचा फिक्स्ड, म्हणून ही विनवणी.)

विम्याचा पैसा आधी बँकेतच जाईल, कारण पॉलिसीवर हायपोथेकेशन (बँकेच्या तारणाची नोंद) आहे. कर्ज फिटलं की नो ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला) आणि फॉर्म ३५ (आरसीवरची बँकेची नोंद काढायचा अर्ज) घ्यायला विसरू नका.

कोर्टकचेरी:
खातेवहींचं बरोबर आहे, पण माझ्या मते पहिला प्रश्न कर्जाचा नाहीच, सांगाड्याचा आहे. ती जळकी गाडी हा तुमचा एकमेव साक्षीदार आहे. पूर्ण आयडीव्ही दिली की सॅल्व्हेज (म्हणजे हा सांगाडा) विमा कंपनीचं होतं आणि ते लिलावात जातं. मग आग वायरिंगमधून लागली हे सिद्ध कशाने करणार? आजच विमा कंपनी, डीलर आणि उत्पादक तिघांना लेखी कळवा की स्वतंत्र तपासणी होईपर्यंत गाडी हलवू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ खाली ग्राहक आयोग दोषाची तपासणी करवून घेऊ शकतो, पण तपासायला वस्तू हवी ना!

दुसरं म्हणजे तो सह्यांचा गठ्ठा. त्यात 'लेटर ऑफ सबरोगेशन' (तुमच्या जागी उभं राहून दोषीकडून वसुली करायची विमा कंपनीला मुभा देणारं पत्र) असेल. नुसतं सबरोगेशन असेल तर तुमचा दावा शाबूत राहतो. 'असाइनमेंट' असेल तर उत्पादकावरचा हक्कच विमा कंपनीकडे जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये चरण स्पिनिंग मिल्सच्या निकालात हा फरक नीट मांडलाय. 'फुल अँड फायनल' च्या शेजारी "उत्पादक व डीलरवरील हक्क राखून" असं हाताने लिहून मगच सही करा.

शेवटचा गिअर:
सर्व्हेअर "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे, क्लेम बसत नाही" म्हणाला तर घाबरू नका. माझ्या भावाला असंच ऐकवलं होतं. प्रमाणित पॉलिसीत आग, स्फोट यांच्याबरोबर 'सेल्फ-इग्निशन' हा शब्द छापलेला असतो, त्यावर बोट ठेवा. यांत्रिक आणि विद्युत बिघाड वगळलेला असतो हे खरं, पण तुम्ही बिघडलेल्या वायरचे नाही, आगीचे पैसे मागताय. अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलीस पंचनामा यांच्या प्रती आहेत ना?

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. दोन्ही प्रती आहेत. दाखल्यात "संभाव्य कारण शॉर्ट सर्किट" लिहिलंय. कोर्टकचेरी, विम्याचे पैसे घेतल्यावर कंपनीकडे नेमकं काय मागायचं? आणि काकांच्या स्कूटरचं?

कोर्टकचेरी:
एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. म्हणून गाडीची किंमत वजा विम्याची रक्कम, अधिक रस्ता कर, फोरक्लोजर शुल्क, आगीनंतर भरलेलं व्याज आणि मनस्तापाची भरपाई असं मागा. एक बारकावा: कायद्यातल्या 'प्रॉडक्ट लायबिलिटी'त (सदोष वस्तूने केलेल्या हानीची जबाबदारी) खुद्द सदोष वस्तूचं नुकसान धरत नाहीत, इतर मालमत्तेचं धरतात. म्हणून गाडीसाठी 'वस्तूतील दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' या मुद्द्यांवर तक्रार करा. स्कूटर मात्र प्रॉडक्ट लायबिलिटीत बसू शकते. काकांनी आधी स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम टाकावा, तिथे नाही मिळालं तर त्यांची वेगळी तक्रार.

तुमची तक्रार पुणे जिल्हा आयोगात, तुम्ही राहता तिथेच चालते. भरलेली किंमत १० ते २० लाखांच्या टप्प्यात असल्याने शुल्क ४०० रुपये. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची, पण जॉबकार्डं ताजी असताना करा. आरटीओला गाडी नष्ट झाल्याचं १४ दिवसांत कळवायचं असतं, ते राहिलं असेल तर उद्याच अर्ज द्या.

धागाकर्ती:
सांगाडा न हलवण्याची पत्रं आज रात्रीच मेल करते, उद्या स्पीड पोस्टानेही पाठवते. हप्ता चालू ठेवतोय, नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. स्वतंत्र तपासणीसाठी पिंपरी-चिंचवड भागात ऑटोमोबाईलचे कोणी प्राध्यापक किंवा निवृत्त सर्व्हेअर माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मुळशीकर:
माझा सल्ला मागे घेतो. व्यनि केलाय, आमच्या ओळखीतले एक सर्व्हेअर आहेत.