मदत हवी आहे: आईची कंबर की माझी हौस?

नमस्कार मंडळी, गाडी घ्यायचीय आणि डोकं पार फिरलंय. रोजचं रनिंग पुण्यातल्या पुण्यात, पण महिन्यातून दोनदा साताऱ्याला गावी आणि जमलं तर ताम्हिणीतून कोकणात. मागे आई बसणार, तिला कंबरेचा त्रास आहे त्यामुळे खड्डा आला की आधी तिचा 'अगं आई गं' ऐकू येतो आणि मग सस्पेन्शनचा आवाज 😅

फोक्सवॅगनची व्हर्टस सेडान (१.० लिटर इंजिन, ऑटोमॅटिक) चालवून बघितली, घाटात काय चिकटून चालते राव, स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच ऐकते. पण हळू स्पीडला छोटे खड्डे, पॅच मारलेला रस्ता, ते सगळं आत कळतं. मग सिट्रोएनची बसाल्ट टर्बो पाहिली, ती खड्डे अक्षरशः गिळते पण वळणावर जरा कलते, आणि आईला घाटात उलटीचा त्रासही होतो, म्हणजे मऊ सस्पेन्शनची गाडी तिला मानवेलच असंही नाही ना?

टायर बघितले तर व्हर्टसला २०५/५५ आणि बसाल्टला २०५/६० (रुंदी मिमीत / साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के), रिम दोन्हीला १६ इंची. म्हणजे साइडवॉलमध्ये (रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबराच्या उंचीत) जेमतेम १० मिमीचा फरक, मग खरा फरक स्प्रिंग-डॅम्परचाच (शॉक अब्सॉर्बरचा) असणार असं मला वाटतं, चुकत असेन तर सांगा.

व्हर्टसवाल्यांनो, मागच्या सीटवर वयस्कर माणसं तीन-चार तास नीट बसतात का? प्रेशर थोडं कमी ठेवून काही फरक पडतो का, की उगाच टायर खराब होतील? बसाल्टवाले, खंबाटकीत ८० ला भीती वाटते का?

मायलेजचं नका सांगू, ते बघितलंय.