नैरोबी नॅशनल पार्क: हत्ती सोडून बरंच काही
विमान बदलताना नैरोबीत एक दिवस मोकळा मिळतोय, तर शहराला खेटून असलेलं हे पार्क बघावं की ते निव्वळ प्राणिसंग्रहालय आहे, असा प्रश्न आहे ना? जरूर बघा. १९४६ साली झालेलं हे केनियाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, ११७ चौरस किलोमीटरचं. कुंपण तीनच बाजूंना आहे. दक्षिणेकडून कितेंगेलाच्या माळरानावर जनावरं जा-ये करतात. अर्थात तिकडेही आता घरं आणि कुंपणं वाढल्याने ही वाट अरुंद होत चालली आहे.

हत्तींच्या आशेने मात्र जाऊ नका, मोकळे हत्ती इथे नाहीत. गेंड्यांसाठी जा. काळा गेंडा दिसायला इतकी सोयीची जागा क्वचितच असेल. झुडपांचा पाला ओरबाडणारा तो मातकट ढिगारा, पाठीवर किडे टिपणारे पक्षी, आणि मागे धुरकट उंच इमारती! मध्येच डोक्यावरून विल्सन विमानतळाचं छोटं विमान घरघरत जातं, जिराफ ढुंकूनही बघत नाही. पार्कातून खांबांवरून गेलेला रेल्वेपूल फोटोत डोकावतोच. मला तो खुपतो.

पहाटे गेट उघडताच आत शिरा, उन्हं चढली की सिंह झुडपात गडप. पावसाळ्यात फोर बाय फोर (चारही चाकांना जोर असलेली) गाडीच घ्या. तिथली काळी माती आपल्या विदर्भातल्यासारखीच, चाकाला धरली की सोडत नाही. आणि हत्तींची चोरटी शिकार थांबावी म्हणून केनिया सरकारने १९८९ मध्ये जिथे १२ टन हस्तिदंत जाळले, ती जागाही आतच आहे, ड्रायव्हरला आवर्जून थांबायला सांगा.