विषय: चिरंजीवांच्या गेमिंग संगणकासाठी एसएसडी – सल्ला शुक्रवारपूर्वी हवा

प्रेषक: नाना

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

चिरंजीवांच्या संगणकातील, भाऊंनी निवडून दिलेल्या बी४५० मदरबोर्डावरचा (सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरचा) ५०० जीबीचा एसएसडी (फिरत्या तबकडीविना चिपवर साठवण करणारी डिस्क) आता भरला आहे. एकट्या 'बाल्डर्स गेट ३' या गेमलाच १५० जीबी जागा लागत असल्याने चिरंजीवांना २ टीबीचा नवा हवा आहे. दुकानदार सेकंदाला १४,००० एमबी वेगाचा, पीसीआयई या जोडणीच्या पाचव्या पिढीचा घ्या म्हणतो, चिरंजीवही त्याचीच री ओढतात, आणि सवलत शुक्रवारी रात्री संपते. बोर्डावरचा दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची खाच) रिकामा आहे. त्यात तो चालेल ना, एवढेच जाणकारांनी कळवावे.

प्रेषक: भाऊ

नाना, त्या स्लॉटमध्ये तो बसेल, पण त्या वेगाने चालणार नाही. बी४५० बोर्डावर प्रोसेसरला थेट जोडलेला पहिला स्लॉट तिसऱ्या पिढीचा असतो; त्यात कितीही महागडा एसएसडी लावला तरी सेकंदाला साधारण ३,५०० एमबीच्या पुढे मजल जात नाही. दुसरा स्लॉट बऱ्याच बोर्डांवर चिपसेटमधून (बोर्डावरच्या नियंत्रक चिपमधून) जातो, आणि या चिपसेटच्या लेन, म्हणजे डेटा ये-जा करण्याचे मार्ग, दुसऱ्या पिढीच्या असल्यामुळे तेथे त्याच्या निम्म्यावरच समाधान मानावे लागते. काही बोर्डांवर तर त्या स्लॉटमध्ये केवळ साटा या जुन्या, संथ जोडणीचा एसएसडी चालतो, एनव्हीएमई (पीसीआयईवरून चालणारा वेगवान प्रकार) दिसतच नाही. तेव्हा बोर्डाच्या पुस्तिकेतील स्लॉटचा तक्ता आधी पाहावा, आणि तोवर दुकानदाराला पैसे देऊ नयेत.

प्रेषक: माई

भाऊंच्या पत्रात महत्त्वाची गोष्ट राहून गेली, म्हणून लिहिते. त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की दुसरा एम.२ स्लॉट वापरात आला की साटाचे दोन पोर्ट, सहसा ५ आणि ६ क्रमांकाचे, बंद होतात. आमच्याकडे याच कारणाने मंडळाच्या नाटकांच्या चित्रफिती असलेली हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी झाली, आणि ती बिघडली असे समजून घरात सुतक पडले होते. शेवटी केबल १ क्रमांकाच्या पोर्टला लावताच सर्व काही जागेवर सापडले. माझे मत विचाराल तर अडीच इंची साधा साटा एसएसडी घ्यावा. सेकंदाला ५५० एमबी वेग गेमला पुरतो, आणि लोडिंगमधला फरक बहुतेक गेममध्ये थोड्या सेकंदांचाच असतो.

प्रेषक: अप्पा

माईंचा केबलचा मुद्दा मान्य, साटाचा नाही. गेमचा डेटा एसएसडीवरून झपाट्याने उचलणारे मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टस्टोरेज २०२२ मध्ये विंडोजवर आले, २०२३ च्या जानेवारीत 'फॉरस्पोकन' हा गेम त्यासह बाजारात आला, आणि ही सोय एनव्हीएमई डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेली आहे. अशा गेमची संख्या आज थोडी असली तरी आता पैसे घालायचे तर मागे कशाला जायचे? नानांनी चौथ्या पिढीचा, टीएलसी चिपचा (एका कोशात तीन बिट साठवणारा) २ टीबी एसएसडी घ्यावा. या बोर्डावर तो तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालेल, पण बोर्ड बदलल्यावर पूर्ण वेग देईल. क्यूएलसी (एका कोशात चार बिट साठवणारा) स्वस्त पडतो, मात्र मोठी फाइल लिहिताना त्याचा राखीव वेगवान भाग भरला की वेग एकदम गडगडतो. गेम प्रामुख्याने वाचलेच जातात, त्यामुळे केवळ गेमसाठी तोही चालून जाईल. चित्रफितींचे संपादन करणाऱ्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. नवा पहिल्या स्लॉटमध्ये, जुना दुसऱ्यात, हे ओघाने आलेच.

प्रेषक: यादी-व्यवस्थापक

दुकानांचे दुवे या यादीवर टाकू नयेत, ही विनंती पुन्हा एकदा करीत आहे. खरेदी-विक्रीसाठी स्वतंत्र यादी आहे आणि ती कोणी वाचत नाही ही सबब होऊ शकत नाही. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, एम.२ चा चिमुकला स्क्रू एसएसडीच्या खोक्यात सहसा नसतो, तो बोर्डाच्या खोक्यात असतो. नानांनी ते खोके टाकून दिलेले नसावे, अशी आशा आहे.

प्रेषक: नाना

खोके माळ्यावर सापडले, स्क्रूही आहे. पुस्तिकेप्रमाणे आमच्या बोर्डावर दुसरा स्लॉट एनव्हीएमईच आहे, पण दुसऱ्या पिढीचा, आणि माई म्हणतात तसे ५ व ६ पोर्ट त्यामुळे बंद होतात. आमची हार्ड डिस्क नेमकी ६ वर आहे. अप्पांनी सुचवलेला चौथ्या पिढीचा मागवला आहे. आधी तो दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून जुन्याची हुबेहूब प्रत उतरवायची, मग दोघांची अदलाबदल करायची, असा बेत आहे. भाऊंनी रविवारी सकाळी यावे, नाश्त्याला पोहे आहेत. चिरंजीव अजून १४,००० चा आकडा सोडायला तयार नाहीत, त्यांची समजूतही तेव्हाच घालावी.