अनुभव धागा: परदेशातले टॅक्सीवाले, फसवणूक आणि सुटका

उंबरठा
काल संध्याकाळी नाशिकरोड स्टेशनबाहेर एक परदेशी जोडपं रिक्षावाल्याशी बोलत उभं होतं. त्र्यंबकला जायचं होतं त्यांना. भाडं ठरायच्या आत दोघांच्या सॅक रिक्षात मागे पडल्यासुद्धा. मी पुढे होऊन बसचं सांगितलं, पण त्या मुलीचा बावरलेला चेहरा बघून मला इस्तंबूलची रात्र आठवली. घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

सुलतानअहमदहून तकसीमला हॉटेलवर परतत होतो. मी, नवरा आणि सासूबाई. दोन्ही ठिकाणं युरोपच्याच बाजूला, मध्ये फक्त गोल्डन हॉर्नची खाडी. एक छोटा पूल ओलांडला की आलंच. मीटर चालू होता, ड्रायव्हर हसून 'इंडिया, इंडिया' करत होता. थोड्या वेळाने बघते तर आम्ही एका प्रचंड झुलत्या पुलावर! खाली बोटींचे दिवे आणि समोर पाटी, 'वेलकम टू एशिया'. बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून दुसऱ्या खंडात नेत होता तो आम्हाला. नवऱ्याने फोनवर नकाशा दाखवला तर एकदम ओरडायलाच लागला. दारं लॉक. सासूबाईंना बीपीचा त्रास, त्यांनी माझा हात असा आवळून धरला होता की दुसऱ्या दिवशीही वळ दिसत होते.

पैसे गेले ते गेले. पण सोबत म्हातारं माणूस आहे हे दिसत असताना त्याने आवाज चढवला, त्याचा राग मला आजही येतो.

पलीकडे उतरल्यावर सिग्नलला औषधाच्या दुकानासमोर गाडी थांबली. मी काच खाली करून दुकानदाराला जोरात हाक मारली, तीही मराठीत. तो आणि अजून दोघं धावत आले, तुर्कीत बरीच बाचाबाची झाली आणि लॉक उघडलं. दुकानदाराने सासूबाईंना आत खुर्चीवर बसवलं, चहा पाजला आणि उस्कुदारच्या धक्क्यापर्यंत सोबतीला मुलगा दिला. तिथून फेरीबोटीने परत युरोपच्या बाजूला कबाताश, मग फ्युनिक्युलरने (चढावर दोराने ओढली जाणारी रेल्वे) तकसीम. टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्तात.

तुमचेही लिहा. सुट्ट्यांत आपल्याकडचे खूप जण आईवडिलांना घेऊन बाहेर पडतात, त्यांना उपयोग होईल.

वाफाळ_चहा
बापरे. सासूबाई बऱ्या होत्या ना नंतर? वाचूनच धडधडलं.

उंबरठा
हो गं. फेरीत बसल्यावर त्यांनीच सगळ्यांना सिमिट घेऊन दिली, ते तिळाचं कडं असतं ना पावाचं. सोबत आलेल्या मुलाच्या हातातही कोंबली होती एक, धक्क्यावरून निघायच्या आधी.

जेलरोडकर
हनोई. बाबा नोटप्रेसमधून रिटायर झालेत हे आधी सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे.

व्हिएतनामची २० हजार डोंगची नोट निळी आणि ५ लाखाचीही निळसर. दोन्हीवर हो ची मिन्ह. ५ लाख म्हणजे आपले साधारण सोळा-सतराशे रुपये, २० हजार म्हणजे साठ-सत्तर. रात्री गाडीतल्या मिणमिणत्या दिव्यात पटकन फरक कळत नाही. हॉटेलपाशी पोचलो, मी ५ लाखाची नोट दिली. त्याने क्षणभर मान खाली घातली आणि वर करतो तर हातात २० हजाराची. 'नो नो, यू गिव्ह धिस.' असा आव आणला की मलाच वाटायला लागलं खरंच हीच दिली की काय.

बाबा मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, 'आपल्या नोटेचे शेवटचे आकडे ४१७. त्याला खिसे बघायला सांग.' उभा जन्म प्रेसमध्ये गेला, नोट हातात आली की आधी नंबर बघायचा ही सवय. एटीएममधून काढल्यावर माझ्याकडून घेऊन त्यांनी एकेक पारखली होती. प्लॅस्टिकची नोट म्हणून अंगठ्याने घासून वगैरे. तेव्हा मी वैतागलो होतो की चला आता उशीर होतोय.

मी गाडीतून उतरलोच नाही. रिसेप्शनवरचा मुलगा बाहेर आला, त्याला आकडे सांगितले, त्याने ड्रायव्हरला त्यांच्या भाषेत काहीतरी सुनावलं. नोट निघाली मांडीखालून. ४१७. बाबा एवढंच म्हणाले, 'छपाई चांगली आहे यांची.'

तेव्हापासून पैसे देताना मी आकडा मोठ्याने बोलतो, नोट समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरतो, आणि छोट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवतो.

पंचवटी_एक्सप्रेस
वडील प्रेसचे? कुठल्या सेक्शनला होते? माझे सासरे आयएसपीला (इंडिया सिक्युरिटी प्रेस), पासपोर्ट छापायचे तिकडे. आम्ही नाशिकच्या उपनगर भागात.

जेलरोडकर
सीएनपी, करन्सी नोट प्रेस. सासऱ्यांना नमस्कार सांगा, एकमेकांना ओळखत असतील.

तर्री_जास्त
बँकॉक कसं नाही आलं अजून?? ग्रँड पॅलेसच्या गेटजवळ एक छान इस्त्रीच्या शर्टातला माणूस येतो, 'आज बंद आहे, प्रार्थना चालू आहे, दुपारनंतर उघडेल, तोवर माझा टुकटुकवाला स्वस्तात चार देवळं दाखवेल.' आणि मग देवळाच्या आधी रत्नांचं दुकान, मग शिंप्याचं. टुकटुकवाल्याला दुकानदाराकडून पेट्रोलचं कूपन मिळतं, आपण काही घेतलं तर कमिशन वेगळं. पॅलेस आत चालूच असतो. रस्त्यावर कोणी सांगितलं तरी सरळ तिकीट खिडकीपर्यंत चालत जायचं, तिथल्या माणसाला विचारायचं.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात तर खाली तळमजल्यावर यंत्रातून टॅक्सीची चिठ्ठी निघते, ती घ्या आणि ड्रायव्हरने मागितली तरी देऊ नका. तक्रार करायची तर तीच लागते. मीटर ३५ बाहतपासून सुरू होतो, विमानतळाचे ५० वर, टोल आपला. 'मीटर ब्रोकन' म्हणाला की उतरा. एअरपोर्ट रेल लिंक फयाथाईपर्यंत जाते, सामान कमी असेल तर तीच बरी.

घरी कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

वाचनमात्र
+१, वाचतेय.

हिंजवडीतून_परत
प्रागला कंपनीने पाठवलं होतं, तिथे ऑफिसातल्या लोकांनी सांगितलेला किस्सा. तिथले टॅक्सीवाले इतके बदनाम होते की २००५ मध्ये खुद्द शहराचे महापौर पावेल बेम इटालियन पर्यटकाचा वेश करून टॅक्सीत बसले. खोटी मिशी वगैरे लावून. त्यांनाही कितीतरी पट जास्त भाडं लावलं! पेपरांत खूप गाजलं होतं ते.

आपल्याकडे असं कोणीतरी करायला हवं. कुंभात तर नक्कीच.

तर्री_जास्त
कुंभात कोणाला वेश बदलायची गरजच नाही, सगळेच भगव्यात 😄

घाटातला_ड्रायव्हर
नमस्कार मंडळी. मी नाशिक-मुंबई गाडी चालवतो, त्याआधी बरीच वर्षं दुबईत टॅक्सीवर होतो. सगळं वाचलं. वाईट वाटतं, कारण असल्या चार जणांमुळे बाकीच्यांकडेही लोक चोरासारखं बघतात.

दुबईला मीटर नाही टाकला किंवा लांबून नेलं तर तक्रार थेट ऑफिसात जाते, दंड आमच्या पगारातून. विमानतळावर मीटर २५ दिरहॅमपासून सुरू होतो, शहरात कमी, त्यावरून बरेच भारतीय भांडायचे आमच्याशी. तो सरकारी दर आहे. गुलाबी टपाच्या टॅक्सी बायका चालवतात, फक्त बायका आणि कुटुंबांसाठी. एकट्या ताईंनी त्या घ्याव्यात.

आता आतली गोष्ट. फसवणाऱ्याचा सगळा जोर तुमच्या सामानावर असतो. बॅगा एकदा डिकीत गेल्या की तुम्ही अडकलात, मग तो वाट्टेल ते मागेल आणि डिकी उघडणार नाही. म्हणून आधी भाडं किंवा मीटर, मग बॅग. पासपोर्ट, औषधं, पैसे असलेली पिशवी कायम मांडीवर. पोचल्यावर सगळ्यांनी एकदम उतरायचं नाही. एक जण आत बसलेला असला पाहिजे डिकी रिकामी होईपर्यंत, दार उघडं ठेवून. आणि खरा टॅक्सीवाला रांगेत गाडीत बसून असतो. जो विमानतळात आत येऊन तुमच्या ट्रॉलीला हात लावतो तो कोण आहे हे तुम्हीच ओळखा.

उंबरठा
दादा, एक जण आत बसून राहायचं हे कुठेच वाचलं नव्हतं. मनापासून आभार.

लेकीकडे_सध्या
घाटातले दादा अगदी बरोबर. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर मी एकटी उतरले, जावई ट्रॅफिकमध्ये अडकलेले. आतच जाकीट घातलेला एक जण 'टॅक्सी मॅम?' करत ट्रॉली ओढायला लागला. मी ट्रॉली सोडलीच नाही. शेवटी एका सफाईच्या बाईने मला हाताला धरून बाहेर पिवळ्या टॅक्सीच्या रांगेत नेऊन उभं केलं. तिथे गणवेशातला माणूस नंबर लावून गाडीत बसवतो. मॅनहॅटनला ठरलेलं भाडं आहे ७० डॉलर, वर टोल, टिप, थोडे आकार. मला मात्र जर्सीला जायचं होतं, म्हणून मी जावयांची वाटच बघितली.

लेकीसाठी गोडा मसाला आणि चिवडा होता त्या बॅगेत, अशी कशी सोडणार!

वाफाळ_चहा
काकू, मसाला कस्टममध्ये अडवत नाहीत का? मला पुढच्या महिन्यात न्यायचाय.

लेकीकडे_सध्या
खायचं सामान आहे असं सरळ सांगायचं. दळलेला मसाला नेला मी, कोणी काही बोललं नाही. मांसाचं काही नको आणि ताजी फळं नकोत. आपली द्राक्षं तर अजिबात नाहीत.

कॉलेजरोड_कट्टा
एक चांगलाही अनुभव लिहू दे. क्योटोमध्ये टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं, आपण हात लावायचा नसतो. आईची छत्री गाडीत राहिली. ड्रायव्हर पुढच्या चौकातून वळून परत आला, दोन्ही हातांनी छत्री दिली आणि वाकून माफी मागितली, त्याचा काही संबंध नसताना. आई आजही सगळ्यांना सांगते.

आणि पॅरिसवाल्यांनो, शार्ल द गोल विमानतळाहून शहरात २०१६ पासून ठरलेलं भाडं आहे, सीन नदीच्या उजव्या काठाला कमी, डाव्याला थोडं जास्त. आत घुटमळणारे लोक त्याच्या दुप्पट-तिप्पट मागतात.

पंचवटी_एक्सप्रेस
@जेलरोडकर, सासऱ्यांना विचारलं. बाबांचं नाव सांगितल्याशिवाय कसं ओळखणार म्हणतात 🙂 व्यनि (खाजगी निरोप) करा.

वाफाळ_चहा
घाटातले दादा, माझी फ्लाइट पहाटेची आहे. इंदिरानगरहून मुंबई विमानतळाला किती वाजता निघावं? सोबत दोन मोठ्या बॅगा आणि आई.

घाटातला_ड्रायव्हर
ताई, जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे समृद्धी सुरू झालाय, कसारा घाटातली कटकट वाचते. पण पुढे भिवंडी-ठाण्याचं काही सांगता येत नाही, रात्रीसुद्धा. पहाटे ४ ची फ्लाइट असेल तर आदल्या रात्री ८ ला निघा. आईंना वाटेत एकदा थांबायला लागेल, तोही वेळ धरा. व्यनि करतो. टोल धरून भाडं आत्ताच लिहून देतो, वर एक रुपया लागणार नाही.