तक्रार ‘निकाली’, जाळी मात्र तशीच

रोजची_सायकल
आमच्या रस्त्यावर सायकल लेनमध्येच पावसाळी गटाराची जाळी आहे. तिच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेने उभ्या आहेत, त्यामुळे पुढचं चाक सरळ फटीत उतरतं. पाऊस झाला की वर पाणी साचतं आणि जाळी दिसत नाही. माझी मुलगी याच लेनने शाळेत जाते. पालिकेच्या ॲपवर लिहिलं, ‘गटाराची जाळी धोकादायक, पाणी तुंबते.’ काही दिवसांनी मेसेज आला, ‘तक्रार निकाली.’ जाऊन पाहिलं तर फक्त वरचा पालापाचोळा काढलेला. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. कसं लिहू म्हणजे धोका कळेल?

जुना_मुकादम
ताई, मी रस्त्याच्या कामावर टोळ्या सांभाळल्या आहेत, म्हणून सांगतो. ‘पाणी तुंबते’ हे शब्द दिसले की तक्रार सफाईकडे जाते. त्यांनी कचरा उचलला, त्यांच्या लेखी काम झालं. जाळी बदलणाऱ्यांपर्यंत ती पोचलीच नसणार. जाळीची तक्रार वेगळी करा, पाण्याची वेगळी.

जाळीच्या तक्रारीत काम काय करायचं तेच लिहा: ‘पट्ट्या वाहतुकीला समांतर आहेत, सायकलचं चाक अडकतं, आडव्या पट्ट्यांची जाळी बसवावी.’ चौकट चौरस असेल तर आहे तीच जाळी उचलून काटकोनात फिरवून बसवता येते. हेही लिहा, कारण नवीन माल मागवायचा म्हटलं की काम मागे पडतं.

फोटो दोन हवेत. एक लांबून, ज्यात विजेच्या खांबाचा नंबर वाचता येईल. नकाशावरची खूण काही मीटर इकडेतिकडे होते आणि एका रस्त्यावर अशा जाळ्या बऱ्याच असतात. दुसरा फोटो जवळून, फटीवर मोजपट्टी आडवी धरून. रेसिंग सायकलचा टायर साधारण २५ ते २८ मिलिमीटरचा असतो. फट त्याहून मोठी दिसली की वाद घालायला जागा उरत नाही.

नकाशावाला
मुकादमांशी सहमत. तुमच्या ॲपवर इतरांच्या तक्रारी दिसतात का ते बघा. ब्रिटनमध्ये २००७ पासून ‘फिक्समायस्ट्रीट’ या रस्त्यांच्या तक्रारींच्या वेबसाइटवर हे सगळं उघड्यावर आहे: कुणी काय कळवलं, कुणी काय उत्तर दिलं. तशी सोय असेल तर शेजाऱ्यांना नव्या तक्रारी टाकायला लावू नका, तुमच्याच तक्रारीखाली लिहायला सांगा. नाहीतर ‘दुबार’ म्हणून बाकीच्या बंद होतात.

आणि हे दुसरं कुणी आपणहून शोधून काढेल याची वाट पाहू नका. बॉस्टनने ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं ॲप काढलं होतं, गाडीत ठेवलेल्या फोनला बसणाऱ्या हादऱ्यांवरून खड्डे टिपणारं. मोटारीच्या रुंद चाकाला असली फट जाणवतही नाही. सायकलवाल्याचा धोका सायकलवाल्यानेच कळवावा लागतो.

रोजची_सायकल
दोन्ही तक्रारी आजच वेगवेगळ्या टाकते. पण कचरा काढूनही पाणी का राहतं?

जुना_मुकादम
पाऊस थांबल्यावर तासाभराने बघा. पाणी जाळीच्या भोवती थांबलं असेल तर जाळी डांबरापेक्षा वर राहिली आहे, पाणी आत शिरतच नाही. जाळीच्या तोंडापर्यंत भरलेलं दिसलं तर खालचा चेंबर गाळाने भरलाय किंवा पुढची लाइन चोक आहे. यातलं जे दिसेल तेच लिहा, म्हणजे तशी माणसं येतात. ‘निकाली’चा मेसेज आला तर जुना तक्रार क्रमांक घालून त्याच दिवशीचा फोटो जोडा आणि तक्रार पुन्हा उघडायला सांगा.

तोवर जाळीवर फळी किंवा पोतं टाकू नका. फळी सरकते, पोत्याने पाणी अडतं. मुलीला तेवढ्या तुकड्यात खाली उतरून सायकल फुटपाथवरून हातात धरून न्यायला सांगा. जाळी मोडलेली किंवा चेंबरचं झाकण गायब दिसलं तर ॲपच्या नादाला लागू नका, थेट आपत्कालीन नंबरला फोन लावा आणि कुणीतरी येईपर्यंत शक्य असेल तर बाजूला उभं राहून येणाऱ्यांना थांबवा.