सत्तरीनंतर घराबाहेर कशाने पडलात? अनुभव सांगा

बाबा आता ७४ वर्षांचे. तब्येत वयाच्या मानाने ठणठणीत, पण आई गेल्यापासून उंबऱ्याबाहेर पडायला तयार नाहीत. ‘फिरून या’ म्हटलं की गुडघा दुखतो, ‘ज्येष्ठ नागरिक संघात जा’ म्हटलं की ‘तिथे सगळे म्हातारे असतात’. आठवड्याला १५० मिनिटं चालावं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं मी फ्रिजवर चिकटवलंय. सध्या त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर भाजीची यादी होते. तेव्हा सल्ले नकोत. तुमच्या घरात किंवा तुमच्या स्वतःच्या बाबतीत नेमकं काय लागू पडलं, ते लिहा. फसलेलंही चालेल.

कोल्हापूरची सून

आमच्या सासूबाई भजनी मंडळाच्या खांब होत्या. हळूहळू जाणं बंद झालं. विचारलं की म्हणायच्या, ‘आता पहिल्यासारखी मजा नाही.’ घरातही गप्पच. कुणी हसलं की ‘मला हसताय का?’ आम्ही समजलो, वय झालं, चिडचिड वाढली.

एकदा धाकट्या नातीने ‘आजी, शाळेत सोडायला ये’ म्हटलं आणि या ‘साळी कुठं ठेवलीय?’ विचारायला लागल्या. तेव्हा कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत कळलं की वयानुसार कान जातात तेव्हा आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, त, क पुसट होतात. म्हणून ‘ऐकू येतं पण कळत नाही’. बायकामुलांचं बोलणं तर आधी हरवतं.

यंत्र आणलं आणि ते डब्यात गेलं! भांडं पडलं तरी डोक्यात घण बसल्यासारखं होई. यंत्र बसवून देणाऱ्या ताईंनी युक्ती सांगितली: सुरुवातीला टीव्ही बंद करून, एकाच माणसाशी बोलताना तासभर घालायचं, मग वेळ वाढवत न्यायचा. हे त्यांनी सांगेपर्यंत आम्ही ‘घाला, पैसे गेलेत’ एवढंच म्हणत होतो. आता हरिपाठाला जातात. टाळ सुरू झाले की आवाज कमी करतात आणि शेजारच्या मावशींनी कुठे ओळ गाळली, तेही सांगतात. मावशींना हे फारसं आवडलेलं नाही.

पर्वतीवाला, पुणे, वय ७१

मी रोज पर्वती चढतो. पायऱ्या १०३. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून उतरताना कठडा धरतो आणि घाई करत नाही. पण खरं सांगू? व्यायाम निमित्त आहे, मी खालच्या चहासाठी जातो. आमच्या टोळक्याचा एकच नियम: न सांगता कुणी आलं नाही तर चहा संपायच्या आत त्याला फोन जातो. एकट्या राहणाऱ्या एका मित्राने फोन उचलला नाही, म्हणून दोघे थेट त्याच्या घरी गेले. तो न्हाणीघरात घसरून पडला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण वेळेत हॉस्पिटलात पोहोचला. परगावच्या मुलाला संध्याकाळच्या फोनपर्यंत पत्ताही लागला नसता. ‘तिथे सगळे म्हातारे’ म्हणणाऱ्या बाबांना सांगा, म्हाताऱ्यांनाच म्हाताऱ्याची गैरहजेरी कळते.

फिजिओथेरपिस्ट, ठाणे

बाबांचा गुडघा खरंच दुखतोय का, ते आधी तपासून घ्या. पुष्कळदा दुखण्यापेक्षा पडायची भीती असते आणि ती लाजेने सांगत नाहीत. पासष्टीपुढे नुसतं चालणं पुरत नाही. तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी हवेत. घरातली तपासणी सोपी आहे: हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का? येत नसेल तर खुर्ची भिंतीला लावून, आधी हाताच्या आधाराने, तोच व्यायाम करायचा. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणंही चांगलं, पण सोबत कुणीतरी असू द्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर सकाळी पलंगाच्या कडेला थोडं बसून मग उठायचं.

सांगलीहून

आमच्या आईला एसटीने पळवलं! ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना राज्यात एसटी फुकट झाली. (६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट.) तोवर ‘कशाला उगाच खर्च’ म्हणून बहिणीकडेही जायची नाही. आता पिशवीत ओळखपत्र, पाण्याची बाटली, दोन दशम्या की निघाली. नरसोबाची वाडी झाली, जोतिबा झाला, नात्यातलं एक बारसं सोडत नाही. कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट दिलं की तेही जपून ठेवते. तिला जिना चढायला लावून बघा, दम लागतो म्हणेल. एसटीची उंच पायरी मात्र बरोबर चढते.

न्यू जर्सी

सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा पहिल्या महिन्यातच ‘तिकीट अलीकडचं कर’ म्हणायला लागले. गाडी नाही, थंडी, शेजारी दिसत नाहीत. लायब्ररीचं कार्ड काढून दिलं, तिथवर चालत जाता येतं. शिवाय मुलीच्या मराठी शाळेत बाबा मुलांना अक्षरं गिरवायला बसवतात. ते गणिताचे मास्तर, त्यामुळे शिस्त जरा जास्तच आहे, पण तिकिटाचा विषय निघालेला नाही.

लातूर जिल्हा

गावाकडं म्हाताऱ्यानं बसून राहणं तसं कमीच. आमचे आजोबा शेतात जायचे बंद झाले ते डोळ्यांमुळे. मोतीबिंदू काढला, दुसऱ्या आठवड्यात पारावर हजर. एवढंच.

नागपूरची आजी, वय ६८

वर सगळ्यांनी म्हाताऱ्यांना हलवायचे उपाय लिहिले, छान. माझी अडचण उलटी आहे. सकाळी सातपासून दोन नातवंडं माझ्याकडे असतात. डबे, शाळेची बस, धाकट्याची झोप. आणि सून प्रेमाने म्हणते, ‘आई, जरा फिरायला जात जा ना.’ जाते बाई, पण पोराला कुणाकडे ठेवू? हे एकदा तोंडावर बोलले तेव्हा घरात शांतता पसरली. मग ठरलं की संध्याकाळी पाच ते सात मी कुणाची आजी नाही. त्या वेळात मुलगा ऑफिसातून लवकर येतो, नाहीतर शेजारची कॉलेजातली मुलगी पैसे घेऊन बसते.

मी संघात कॅरम खेळते. चालणं म्हणाल तर जायचं-यायचं अंतर, तेवढंच. राणी मात्र कुणाला सहजासहजी घेऊ देत नाही.