पेशीचा 'सांगाडा': कर्करोगाच्या पुस्तिकेत हा शब्द चालेल का?

कोरडवाहू
मोठं आतडं आणि जठर यांच्या कर्करोगावरची रुग्णांसाठीची एक माहितीपुस्तिका मराठीत आणतोय. 'सायटोस्केलेटन'ला सरळ 'पेशीचा सांगाडा' लिहून मोकळा झालो. वाक्य असं झालं: 'पेशीच्या सांगाड्यात बदल झाल्याने कर्करोग यकृतापर्यंत पसरतो.' कच्चा मजकूर काकूंना वाचायला दिला, तर त्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे हाडांत गेला का रे?" हाडांत पसरणं ही वेगळी आणि खरीच गोष्ट असल्यामुळे हा घोळ परवडणारा नाही. दुसरा शब्द सुचवा. आणि हा सांगाडा नेमकं करतो काय, तेही कुणी सांगितलं तर बरं. मूळ मजकुरात ते एका ओळीत उरकलंय.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजीत आहे. सांगाडा म्हटलं की काकूंनाच काय, कुणालाही हाडंच दिसणार. पेशीत असतात ते प्रथिनांचे तंतू, तीन जातींचे. ॲक्टिनचे सगळ्यांत बारीक, साधारण ७ नॅनोमीटर जाडीचे. मधले १० च्या आसपास. आतड्याच्या अस्तरात ते केरॅटिनचे असतात, नखं-केसांतल्या केरॅटिनच्याच कुळातले. आणि सूक्ष्मनलिका, २५ नॅनोमीटरच्या पोकळ नळ्या.

अस्तरातली निरोगी पेशी जागा सोडत नाही. शेजारच्या पेशीला ती ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने धरून असते आणि ते प्रथिन आतल्या बाजूने ॲक्टिनला जोडलेलं असतं. कर्करोगात ही पकड ढिली होते. मग तेच ॲक्टिन पेशीच्या पुढच्या कडेला वाढत जातं आणि पेशीचं आवरण पुढे रेटतं. मागच्या बाजूचे तुकडे सुटतात, ते पुन्हा पुढे वापरले जातात. फॅसिन नावाचं प्रथिन या तंतूंच्या घट्ट जुड्या बांधतं. निरोगी आतड्याच्या अस्तरात ते जवळपास दिसत नाही, कर्करोगात बऱ्याचदा दिसतं. म्हणून 'सांगाडा मोडतो' असं तर मुळीच लिहू नका. तो मोडत नाही, वेगळ्या कामाला जुंपला जातो.

स्लाइडवर हे दिसतं. गाठीच्या मध्यभागी ग्रंथी बऱ्यापैकी ग्रंथींसारख्या असतात. कडेला सरकलं की एखादी सुटी पेशी, नाहीतर दोन-चार पेशींचा पुंजका, मुख्य गाठीपासून तुटून आत निघालेला. याला आम्ही 'बडिंग' म्हणतो, मोजतो आणि रिपोर्टात लिहितो. ते जास्त असेल तर रोग लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) पोचला असण्याची शक्यता वाढते.

तत्समद्वेष्टा
हिंदीत 'कोशिका कंकाल' म्हणतात. ते उचलू नका, तिथेही हाडंच. माझं मत 'परांची'ला. इमारतीचं काम सरकेल तशी परांची सोडवायची आणि पुढे बांधायची. वर ताईंनी लिहिलंय ते अगदी असंच आहे.

कोरडवाहू
शब्द झकास आहे, पण परांची बाहेरून बांधतात आणि काम संपलं की काढून टाकतात. हे तंतू आत आहेत आणि पेशी जिवंत आहे तोवर राहणार. शिवाय शहरातल्या निम्म्या वाचकांना परांचीच समजावून सांगावी लागेल.

दुपारपाळी
मी केमोच्या वॉर्डात सिस्टर आहे. पॅक्लिटॅक्सेल अन्ननलिकेच्या आणि जठराच्या कर्करोगात देतात, ते या सूक्ष्मनलिकांवरच काम करतं. पुस्तिकेत 'सांगाडा तोडणारे औषध' असं लिहिलंत तर उलटं होईल. ते नळ्या तोडत नाही, गोठवून ठेवतं. पेशीला विभागताना त्या सोडवता येत नाहीत आणि ती मरते. तोडणारं औषध हवं असेल तर व्हिन्क्रिस्टिन, आपल्या दारातल्या सदाफुलीतून मिळणारं, पण ते या कर्करोगांत सहसा नसतं. आणखी एक. मज्जातंतूंनाही याच नळ्या लागतात, म्हणून पेशंट सांगतात, "सिस्टर, शर्टाची बटणं लागत नाहीत, बोटं बधिर झालीत." हे पुस्तिकेत जरूर घ्या. शब्द कोणताही ठेवा.

तत्समद्वेष्टा
मग ॲक्टिनवरच औषध का काढत नाहीत? पेशी हललीच नाही तर पसरणार कशी?

स्लाइडवाली
कारण हृदयाचा आणि प्रत्येक स्नायूचा कारभार ॲक्टिनवर चालतो. सरसकट ॲक्टिन अडवणारं औषध रोगाआधी माणसाला थांबवेल.

जठराचं एक उदाहरण पुस्तिकेत घालण्यासारखं आहे. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या जठराच्या कर्करोगाने माणसं जात होती, काही तर ऐन तरुणपणी. १९९८ साली कारण सापडलं: ई-कॅडहेरिनच्या जनुकात दोष, म्हणजे शेजारणीला धरणारा तो हातच कच्चा. या प्रकारात गाठ नीट दिसत नाही. सुट्या पेशी जठराच्या भिंतीत विखरून पसरतात, एंडोस्कोपीतही निसटू शकतात. म्हणून हा दोष असलेल्यांना रोग दिसण्याआधीच जठर काढून टाकण्याचा सल्ला देतात.

आणि हो, या तंतूंमुळे आमचंही काम होतं. यकृतातली गाठ कुठून आली कळत नसेल तर तुकड्यावर केरॅटिनचे रंग करतो. सीके-२० आणि सीके-७ हे केरॅटिनचेच दोन प्रकार. सीके-२० तपकिरी उमटलं आणि सीके-७ कोरं राहिलं की संशय पहिला मोठ्या आतड्यावर. पेशी गाव सोडून गेली तरी बहुतेक वेळा आपलं केरॅटिन बरोबर नेते.

कोरडवाहू
'पेशीतंतू' केलं तर?

स्लाइडवाली
स्नायूतंतू, मज्जातंतू, तंतुकणिका, इतके तंतू आधीच आहेत. त्यापेक्षा 'तंतुजाल' घ्या. पहिल्यांदा येईल तिथे 'पेशीला आकार देणारं आणि हलवणारं तंतुजाल' असं पूर्ण लिहा. 'हलवणारं' गाळू नका, पसरण्याचा सगळा संबंध त्याच्याशी आहे.

कोरडवाहू
सुधारलेलं: 'पेशीला आकार देणारं आणि हलवणारं तंतुजाल कर्करोगात बदलतं. पेशींची एकमेकींवरची पकड सुटते, त्या आतड्याच्या भिंतीतून रक्तवाहिनीत शिरतात आणि यकृतात जाऊन वाढतात.'

दुपारपाळी
'यकृतात जाऊन वाढतात'च्या जागी 'वाढू शकतात' करा. नुकतंच निदान झालेलं माणूस हे वाचणार आहे.